टँग्र्यातील एका हक्का कुटुंबाची खानावळ: काही महिन्यांच्या जेवणानंतर

बदलीच्या निमित्ताने कोलकात्यात आल्यापासून माझे रविवारचे दुपारचे जेवण बहुधा टँग्र्यातील, म्हणजे शहराच्या पूर्वेकडील जुन्या चिनी वस्तीतील, एकाच खानावळीत होते, आणि आता काही महिन्यांनंतर तिच्याविषयी ठामपणे लिहिता येईल असे वाटते. खानावळीचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि चालवणारे कुटुंब लहान आहे. शिवाय या वस्तीतील अशा अनेक घरगुती ठिकाणांना हा अनुभव थोड्याफार फरकाने लागू पडावा.

जागा पाहून पहिल्यांदा जाणारा माणूस बिचकतो. उंच भिंत, लोखंडी फाटक, आत लांबलचक दालन आणि मोजक्या खिडक्या. विसाव्या शतकाच्या आरंभी हक्का, म्हणजे दक्षिण चीनमधून आलेल्या हक्का भाषा बोलणाऱ्या, कुटुंबांनी शहराबाहेरच्या या पाणथळ भागात चामडे कमावण्याचा धंदा उभारला; सवर्ण हिंदू या कामापासून दूर राहत असल्यामुळे त्यांना तेथे वाव मिळाला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कारखाने शहरापासून दूर हलवण्याचा आदेश दिला, त्यानंतर बऱ्याच कुटुंबांनी चामडे सोडून उपाहारगृहांवर भर दिला. माझी खानावळही जुन्या कारखान्याच्या तळमजल्यावर आहे आणि कुटुंब वरच्या मजल्यावर राहते. त्यामुळे सजावटीची अपेक्षा ठेवू नये: प्लास्टिकच्या खुर्च्या, काच ठेवलेली टेबले आणि गल्ल्यामागे लाल दिव्यांच्या उजेडात ठेवलेला देव्हारा, एवढेच काय ते.

गल्ल्यावर बसणाऱ्या बाईंना सगळे आंटी म्हणतात. त्या घरच्यांशी हक्का बोलतात, वाढप्यांशी बंगाली आणि माझ्याशी हिंदी-बंगालीची सरमिसळ. त्यांचा मला सर्वांत आवडलेला गुण म्हणजे त्या पदार्थ नाकारतात. ‘आज माछ भालो ना, नेबेन ना’ (आज मासा चांगला नाही, घेऊ नका), असे सांगून त्यांनी माझी भेटकी माशाची मागणी अनेकदा खोडून काढली आहे. महागड्या उपाहारगृहांतही असा प्रामाणिकपणा मला क्वचितच भेटला.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे अन्न. आपल्याकडील चायनीजच्या गाडीवरच्या लालभडक शेझवानची सवय झालेल्या जिभेला इथली चिली चिकन आधी कोरडी वाटेल. हाडांसकट तुकडे, सोया सॉसचा गडद रंग, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या, भरपूर लसूण आणि नावापुरते कॉर्नफ्लोअर. खाण्याचा लाल रंग अजिबात नाही. हक्का नूडल्समध्ये भाज्या कमी आणि मोठ्या आचेवर परतल्याचा किंचित धुरकट वास जास्त असतो. टेबलावरचा हिरव्या मिरचीचा सॉस पोऊ चाँग या कोलकात्यातीलच चिनी कुटुंबाच्या उद्योगातला असतो आणि तो सुपात थोडा घालून घ्यावाच. मधोमध निखाऱ्यांचे धुराडे असलेल्या भांड्यात येणारे चिमणी सूप मात्र चार-पाच जण असतील तरच मागवावे.

हे ‘अस्सल चिनी’ नाही, अशी नाके मुरडणारी मते मी पुष्कळ ऐकली आहेत. मला ती पटत नाहीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टाँग अच्यू नावाच्या व्यापाऱ्याने हुगळीकाठी साखर कारखाना काढला आणि त्याच्या नावावरून त्या गावाला अचीपूर म्हणू लागले. म्हणजे बंगालमधील चिनी वस्ती दोनशे वर्षांहून जुनी आहे. इतक्या काळात जी पाककृती येथील मिरची, येथील मासा आणि येथील गिऱ्हाईक पाहून घडली, ती त्यांची स्वतःचीच झाली. मुंबईत चिकन मंचुरियनचे श्रेय ज्यांना दिले जाते ते नेल्सन वांगही मूळचे कोलकात्याचेच, तेव्हा आपल्या गाडीवरच्या बशीचे गोत्रही शेवटी याच शहराशी जुळते.

तरीही या खानावळीचा खरा कस मेनूकार्डाबाहेर लागतो, आणि त्यासाठी ओळख व्हावी लागते. ‘तुम्ही घरी काय खाता?’ असे विचारल्यावर आंटींनी खारवलेल्या मोहरीच्या पानांबरोबर शिजवलेले डुकराचे मांस, आले घालून वाफवलेली भेटकी आणि सारण भरलेला टोफू अशी नावे घेतली. आदल्या दिवशी कळवले तर हे पदार्थ मिळतात. मोहरीच्या पानांचा आंबट-खारट उग्रपणा सर्वांना रुचेल असे नाही. मला तो साध्या भाताबरोबर आता मेनूतल्या कुठल्याही पदार्थापेक्षा अधिक आवडतो.

तक्रारी. कढईवर स्वतः घरातले अंकल नसतील त्या दिवशी नूडल्स तेलकट आणि गिचका होतात, आणि असे दिवस वाढत चालले आहेत. त्यांचे वय झाले आहे आणि मुलगा टोरंटोला असतो. हे एकट्या या घराचे नाही. १९६२ च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले, नंतरच्या दशकांत पुष्कळ कुटुंबे कॅनडाला निघून गेली, आणि मागे राहिलेल्यांच्या स्वयंपाकघरात पुढची पिढी कमी पडू लागली. मेनूवरचे कित्येक पदार्थ ‘आज नाही’ असतात, ते यामुळेच. बाकी दोष किरकोळ म्हणावेत असे नाहीत: स्वच्छतागृह जेमतेम आहे, रात्री गल्लीत उजेड अपुरा असतो, आणि शाकाहारी पदार्थ मिळत असले तरी कढई तीच असते, हे श्रावण पाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

दोघांचे पोटभर जेवण ८०० ते १,००० रुपयांत होते, आणि वाढण्याचे प्रमाण उदार असल्यामुळे एक नूडल्स व दोन पदार्थांहून अधिक मागवू नये. शक्यतो दुपारी साडेबाराच्या आत पोहोचावे, कारण त्यानंतर मोठी बंगाली कुटुंबे येतात आणि भट्टीवर ताण पडतो. जवळच चिनी कालीमंदिर आहे, जेथे देवीला नूडल्सचाही नैवेद्य दाखवतात. वेळ असल्यास तेथे जाऊन यावे. जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्षाच्या सुमारास खानावळ काही दिवस बंद असते आणि त्यानंतरच्या एखाद्या रविवारीही कुटुंब पूजेसाठी अचीपूरला गेलेले असते, म्हणून त्या दिवसांत फोन केल्याशिवाय निघू नये.