'एंड ऑफ इव्हँजेलियन'नंतर काय? लेन, डेव्हिलमॅन की नाउसिका

'द एंड ऑफ इव्हँजेलियन' हा 1997चा जपानी ॲनिमेशन सिनेमा, 'इव्हँजेलियन' मालिकेचा शेवट. तो संपतो तेव्हा नावांची यादी येत नाही. ती मध्येच, दोन भागांच्या सांध्यावर येऊन गेलेली असते. त्यामुळे शेवटी उरतो लाल समुद्र, किनाऱ्यावर कथेचा नायक शिंजी आणि त्याची सोबतीण असुका, तिचं एक वाक्य, आणि लगेच समाप्तीची पाटी. मागच्या मे महिन्यात मी आणि माझा मावसभाऊ रात्री साडेबाराला हा सिनेमा पाहून बसलो होतो. खोलीत कूलरच्या घरघरीशिवाय दुसरा आवाज नव्हता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "काहून गा दादा, असं कसं संपवलं यांनी?"

हा प्रश्न मनात घेऊन पुढे काय पाहावं, असं विचारणारे तुम्ही असाल तर माझा अनुभव सांगतो. बरंच काही चाळलं, पण मनापासून तीन गोष्टींना वेळ दिला.

आधी इव्हँजेलियनच्या घरातल्याच दोन पर्यायांबद्दल थोडक्यात. 2007 ते 2021 दरम्यान आलेले चार 'रीबिल्ड' सिनेमे चांगले आहेत, शेवटचा तर खूपच. पण ते गोष्ट पहिल्यापासून सांगतात, आणि तिसऱ्यात कथा एकदम 14 वर्षं पुढे जाते. 1997च्या सिनेमाचा घाव ताजा असताना हे पाहिलं तर दोन्हींची चव बिघडते, असं मला वाटतं. वर्षभरानं पाहा. योशियुकी सादामोतोची 14 भागांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, त्याच कथेची जरा शांत आवृत्ती आहे. शिंजीवर जीव जडला असेल तर जरूर वाचा.

आता खरी निवड.

'सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन' 1998ची, 13 भागांची. मेलेल्या वर्गमैत्रिणीचा ईमेल येतो आणि लेन नावाची अबोल मुलगी हळूहळू तारांच्या पलीकडच्या, इंटरनेटसारख्या जगात ओढली जाते. माणसामाणसांतली भिंत पडली तर काय होईल, हा इव्हँजेलियनचाच प्रश्न इथे कुठल्याही स्फोटाशिवाय, एका पोरीच्या खोलीत विचारलाय. ती शाळेत जाते तो रस्ता उन्हानं पार पांढरा पडलेला असतो आणि वर विजेच्या तारा गुणगुणत असतात. नागपूरकराला ते दृश्य समजावून सांगावं लागत नाही. मे महिन्यात दुपारी दोनला आमची गल्ली अशीच दिसते, माणूस नाही की कुत्रं नाही. फक्त तो गुणगुणाट ऐकायला कूलर बंद करावा लागतो, म्हणून ही मालिका हिवाळ्यासाठी राखून ठेवा. डिसेंबरच्या रात्री स्वेटर घालून मी ती पुन्हा पाहिली, आणि पहिल्या वेळी किती निसटलं होतं ते कळलं.

'डेव्हिलमॅन क्रायबेबी' 2018ची, मासाआकी युआसाची, दहा भागांची. मूळ मांगा गो नागाईची, 1972-73ची. इव्हँजेलियनमधल्या जगबुडीच्या पूर्वजांत तिचं नाव घ्यावंच लागतं. वेग जबरदस्त, रक्त आणि नग्नता भरपूर, घरच्यांसोबत पाहण्यासारखी नाहीच. माणसं एकमेकांवर संशय घेऊ लागली की काय करतात, हे तिच्या शेवटच्या काही भागांत इतकं उघडं दाखवलंय की मी मधेच उठून गच्चीवर जाऊन आलो.

आणि इथेच माझं घोडं अडलं. भाग संपला की पडद्यावरची नावं आक्रसून कोपऱ्यात जातात, आकडे उलटे मोजले जातात आणि पुढचा भाग आपोआप सुरू. ते बंद करण्याची सोय असते, मी केलंही. पण घरचा टीव्ही सगळ्यांचा. आईला तिच्या मालिका लागोपाठ हव्या असतात, त्यामुळे दोन दिवसांत सगळं पूर्ववत. डेव्हिलमॅनच्या नवव्या भागानंतर मला पाच मिनिटं नुसतं बसायचं होतं. रिमोट सोफ्याच्या फटीत गेला होता. तो हाती लागेपर्यंत दहावा भाग सुरूही झाला होता. ज्या सिनेमानं शेवटी मला पूर्ण शांतता दिली, त्याच्यामागून पाहिलेल्या गोष्टीनं ती हिसकावून घ्यावी, हे मला फार लागलं.

म्हणून कागदाकडे वळलो. हायाओ मियाझाकीची 'नाउसिका' मांगा 1982 ते 1994 अशी बारा वर्षं चालली, तिचे सात भाग. तुम्ही 1984चा सिनेमा पाहिला असेल आणि गोष्ट माहीत आहे असं वाटत असेल, तर थांबा. सिनेमात साधारण पहिल्या दोन भागांचाच ऐवज आहे. त्या सिनेमात अर्धवट वितळत उभा राहणारा महायोद्धा ज्यानं काढला, तो तरुण म्हणजे पुढे इव्हँजेलियन करणारा हिदेआकी आन्नो. मांगामध्ये तो महायोद्धा खूप पुढे जातो. तो बोलतो, आणि नाउसिकाला आई म्हणतो. शिंजी जो राक्षसी यंत्रमानव चालवतो, त्याच्या आत त्याची आई होती. इथे राक्षसच एका पोरीला आई मानतो आणि तिला ते नातं निभवावं लागतं. त्याच्या तोंडची ती पहिली हाक वाचली आणि मी पुस्तक उघडंच छातीवर ठेवून पडून राहिलो. पुढचं पान उलटायची घाई कुणी केली नाही. शेवटाकडे नाउसिकापुढे एक सौदा ठेवला जातो. शिंजीपुढच्या सौद्याचा तो सख्खा भाऊच आहे. ती काय उत्तर देते ते इथे सांगत नाही.

अडचणी आहेत. इंग्रजी अनुवाद घ्यावा लागतो, पानं उजवीकडून डावीकडे वाचायची, चित्रं इतकी दाट की सुरुवातीला कोण कुणाच्या बाजूनं लढतोय ते कळत नाही. पहिला भाग मी दोनदा वाचला. पैसेही लागतात. मी पगार झाला की एक असे सात महिन्यांत सात घेतले, आणि त्या एकेका महिन्याच्या खंडानं गोष्ट मुरली.

तुम्हाला वाचायचा कंटाळा असेल, किंवा एकटेपणाचीच गोष्ट हवी असेल, तर लेन घ्या, पस्तावणार नाही. जोराचा धक्का हवा असेल तर डेव्हिलमॅन, पण रिमोट हातात धरून. मला विचाराल तर मी आधी नाउसिकाचा पहिला भाग हातात देईन. मावसभावालाही तोच दिला होता. सध्या त्याचा चौथा चालू आहे आणि पाचवा न्यायला तो रविवारी येणार आहे.