चिकानो आणि लॅटिनो समाजांचे सामाजिक मानसशास्त्र : धुळ्यात बसून पूर्ण केलेला एक ऑनलाइन अभ्यासक्रम

गेले सहा शनिवार आम्ही धुळ्यातील सात शिक्षक एका सहकाऱ्याच्या घरी लॅपटॉपसमोर बसून, कॅलिफोर्नियात चिकानो आणि लॅटिनो समाजांचे सामाजिक मानसशास्त्र शिकवण्यात सारी कारकीर्द घालवलेल्या एका निवृत्त प्राध्यापिकेची चित्रमुद्रित व्याख्याने ऐकत होतो. एकूण सहा व्याख्याने आहेत, प्रत्येक सुमारे दीड तासाचे, आणि शुल्क माणशी अठराशे रुपये. शिकवणे उत्तम आहे. ज्या संस्थेने हा अभ्यासक्रम विकायला काढला आहे तिची व्यवस्था मात्र शिकवण्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि परीक्षेच्या बाबतीत तर तिने आपल्याच बाईंचे व्याख्यान ऐकलेले दिसत नाही.

पहिल्या व्याख्यानात शब्दांचा उलगडा होतो. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा ‘चिकानो’ हा शब्द १९६०च्या दशकात तरुणांनी अभिमानाने स्वीकारला. ‘लॅटिनो’ची व्याप्ती त्याहून मोठी, त्यात पोर्तो रिको, क्युबा, मध्य अमेरिका असे सगळे येतात. १८४८च्या ग्वादालूप हिदाल्गो तहानंतर अनेक कुटुंबे आपल्या गावातून तसूभरही हलली नाहीत, सरहद्दच त्यांना ओलांडून गेली, ही गोष्ट बाई इतक्या शांतपणे सांगतात की ती ऐकताना नकाशा उघडून बघावासा वाटतो.

दुसरे व्याख्यान बाईंच्या नोकरीविषयी आहे. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो विद्यार्थी वर्गाबाहेर पडले. शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होऊ नये आणि आपला इतिहास शिकवला जावा, या त्यांच्या मागण्यांपैकी दोन. त्या लाटेतून १९६८-६९ मध्ये कॅलिफोर्नियातील विद्यापीठांत चिकानो अभ्यासाचे विभाग उभे राहिले आणि बाईंसारख्यांना पुढे त्यांत जागा मिळाली, पण निम्मी. निम्मी नेमणूक मानसशास्त्र विभागात, निम्मी चिकानो अभ्यासात. एका विभागाला त्यांचे संशोधन म्हणजे समाजकार्य वाटे, दुसऱ्याला त्यांची आकडेमोड संशयास्पद वाटे, आणि बढतीच्या वेळी दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत. (आमच्याकडे तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालये सांभाळणाऱ्या मंडळींनी इथे व्याख्यान थांबवून चहा मागवला.)

पैसे वसूल होतात ते तिसऱ्या व्याख्यानात. जॉर्ज सांचेझ या न्यू मेक्सिकोत जन्मलेल्या शिक्षणतज्ज्ञाने १९३४ मध्येच बजावले होते की, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाची इंग्रजीतून बुद्धिमापन चाचणी घेतली तर तिच्यात बुद्धी मोजली जात नाही, इंग्रजी मोजले जाते. तरीही पुढची काही दशके अशी मुले मतिमंदांच्या वर्गात बसवली जात राहिली. अखेर कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरी परगण्यातील नऊ मुलांच्या वतीने दावा दाखल झाला, त्यांची चाचणी स्पॅनिशचाही वापर करून पुन्हा घेतली तेव्हा बहुतेक मुले त्या वर्गात बसवण्याजोगी नव्हतीच असे दिसले, आणि १९७०च्या तडजोडीत मुलांची चाचणी त्यांच्या घरच्या भाषेतही घेण्याचे राज्याला मान्य करावे लागले. हा ‘डायना’ खटला बाई तपशिलात शिकवतात. तो ऐकताना आमच्या खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही, कारण मुलीला ‘आंडेर’ आणि मुलाला ‘आंडोर’ म्हणणाऱ्या अहिराणी घरातून आलेल्या पोराच्या प्रगतिपुस्तकात ‘आकलन कमी’ असा शेरा आम्हांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी लिहिलेला आहे. आणि अहिराणीची प्रमाण मराठीशी निदान ओळख तरी असते, सातपुड्यातल्या पावरी बोलणाऱ्या मुलाला तेवढाही आधार नसतो.

चौथे व्याख्यान शेतमजुरांवर आहे. मेक्सिकन मजुरांना करारावर अमेरिकेत आणणारी, १९४२ ते १९६४ या काळात चाललेली ब्रासेरो योजना, मजुराला दिवसभर कमरेत वाकवून ठेवणारे आखूड दांड्याचे कुदळे आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात त्यावर आलेली बंदी हे सारे त्यात आहे, पण मनात राहतो तो आईवडिलांसाठी दवाखान्यात आणि कचेरीत दुभाष्याचे काम करणाऱ्या मुलांविषयीचा भाग. उचल घेऊन कोयत्यावर गुजरातेत गेलेल्या कुटुंबांतली पोरे हेच काम करतात. त्याचा अभ्यास होऊ शकतो, हे आमच्या डोक्यात आले नव्हते.

पाचव्या व्याख्यानाशी माझे मतभेद आहेत. ‘फामिलिस्मो’, म्हणजे व्यक्तीपेक्षा कुटुंबाला अग्रक्रम देण्याची वृत्ती, ही संकल्पना बाई सावधपणे मांडतात आणि ती कोणाच्या स्वभावाचे लेबल करू नका असेही सांगतात. परंतु गरिबीत एकत्र राहण्यावाचून गत्यंतर नसणे आणि एकत्र राहण्याची आवड असणे यांतला फरक त्यांनी आणखी ताणून धरायला हवा होता. सहावे व्याख्यान द्वैभाषिक ओळखीवर आहे, ठीक आहे, फारसे नवे नाही.

आता व्यवस्थेविषयी. मराठी उपशीर्षके यंत्राने केलेली असावीत, कारण मेक्सिकन शेतमजुरांच्या ‘संपा’च्या जागी दोनदा ‘प्रहार’ आला. ते हसण्यावारी नेता आले. अंतिम परीक्षा मात्र केवळ इंग्रजीत, तीस बहुपर्यायी प्रश्न, चाळीस मिनिटे. आमच्यात पावरी मातृभाषा असलेले एक गुरुजी आहेत, तिसऱ्या व्याख्यानानंतरची सर्वांत नेमकी चर्चा त्यांनीच केली होती. ते दोन गुणांनी अनुत्तीर्ण झाले, आणि चुकलेल्या प्रश्नांत एक डायना खटल्यावरचा होता, ज्यात दोन नकार असलेले वाक्य समजायला मलाही दोनदा वाचावे लागले. संस्थेला पत्र लिहिले तेव्हा उत्तर आले की परीक्षा सर्वांसाठी एकसमान असल्याने ती न्याय्य आहे. ते पत्र मी गुरुजींना वाचून दाखवले, तर ते म्हणाले, “सर, हे सांचेझला पाठवा.”

प्रमाणपत्राचे सहाशे रुपये वेगळे भरावे लागतात आणि ते न भरताही व्याख्याने वर्षभर पाहता येतात, तेव्हा घेणाऱ्याने तेवढेच घ्यावे. गुरुजींनी फेरपरीक्षेचे शुल्क भरलेले नाही. तिसरे व्याख्यान मात्र त्यांनी आपल्या केंद्रातल्या शिक्षकांना दाखवायचे ठरवले आहे, उपशीर्षके बंद करून, स्वतः पावरीत सांगत.