ख्रिसमस ट्रीची वॉर्म व्हाइट एलईडी माळ, दोन सीझन वापरून

१० मीटरची, १०० दिव्यांची ही माळ गेल्या ख्रिसमसला घेतली, यंदाही तीच लावलीय, म्हणून आता खात्रीने लिहिते. रंगासाठी पूर्ण मार्क! बॉक्सवर २७०० केल्विन लिहिलंय म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा उजेड, खोलीतला मोठा लाइट बंद केला की काचेच्या गोळ्यांवर मधासारखा रंग चढतो आणि पोरं आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात. कूल व्हाइट घेऊ नका, तो निळसर पांढरा उजेड घरात डोळ्यांना टोचतो.

आमच्याकडे स्विच दाबायचा मान सगळ्यात धाकट्याचा, आणि तेव्हा मी दरवर्षी सांगते की १८८२ मध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कला घरच्या ट्रीवर ८० रंगीत बल्ब लावले होते, विजेचे दिवे असलेली ती पहिली ट्री. पोरांना पाठ झालंय तरी ऐकतात.

आता तक्रार. कंट्रोलरला मेमरी नाही, रोज चालू केली की पहिल्यांदा लुकलुकतेच, स्थिर उजेडासाठी बटण ७ वेळा दाबावं लागतं, रोज! आणि वायर पारदर्शक असल्याने हिरव्या फांद्यांत दिवसा चमकते, तुम्ही हिरव्या वायरचीच बघा.

लावताना नुसती बाहेरून गोल गुंडाळू नका, खोडापासून फांदीच्या टोकापर्यंत न्या आणि परत आत आणा, ट्री आतून उजळते. काढल्यावर पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवली, यंदा एकही गाठ नव्हती.