‘व्हीलचेअरची सगळी सोय आहे’: काशीयात्रेतला एक अनुभव

पक्षाघातानंतर माझ्या 79 वर्षांच्या आईला उभे राहता येत नाही, पण काशीविश्वेश्वराचे दर्शन घ्यायचे तिच्या मनात फार होते. म्हणून पुण्यातल्या एका प्रवास एजंटाकडे आम्ही तिघांचे बुकिंग केले. व्हीलचेअरची सगळी सोय आहे, असे त्याने फोनवर दोनदा सांगितले, प्रशस्त खोलीचा फोटो पाठवला आणि साध्या सहलीपेक्षा 14,000 रुपये जास्त घेतले.

त्यातले 3,000 रुपये ‘विमानतळ व्हीलचेअर शुल्क’ म्हणून लावले होते. चालता न येणाऱ्या प्रवाशाला ही मदत विमान कंपनीने विनामूल्य द्यायची असते, हे मला पुण्याच्या काउंटरवर कळले. शिवाय त्याने तिकिटावर नोंद केली होती ती ‘डब्ल्यूसीएचआर’, म्हणजे जिना चढू शकणाऱ्या प्रवाशाची. आईसाठी ‘डब्ल्यूसीएचसी’, म्हणजे अजिबात चालता न येणाऱ्या प्रवाशाची नोंद हवी होती. तिथल्या मुलीने ती लगेच बदलून खुर्चीसकट विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी मागवली, म्हणून आई विमानात तरी नीट बसली.

खरा प्रकार वाराणसीच्या हॉटेलात उघड झाला. दाराशी सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या होत्या आणि त्यांवर चार फुटांची एक फळी टाकून तिलाच रॅम्प म्हटले होते. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे रॅम्पचे सर्वमान्य प्रमाण धरले तर तिथे अठरा फुटांचा उतार हवा होता. दोघा पोऱ्यांनी आईला खुर्चीसकट उचलले तेव्हा तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. वर गेल्यावर मी टेप लावून पाहिली, तर न्हाणीघराचे दार 22 इंच आणि आमची खुर्ची 25 इंच. तीन दिवस आईला पलंगावरच भांडे द्यावे लागले, आणि आयुष्यभर सोवळ्यात राहिलेल्या बाईला त्यापेक्षा मोठा अपमान कोणता वाटणार! दोष काशीचा नव्हता, कारण नमो घाटावर रॅम्प आहे आणि तिथून तिने गंगा डोळे भरून पाहिली.

माझी चूक एवढीच, की मी फोटो पाहिला आणि माप विचारले नाही. आता मी दाराची रुंदी, उंबरा, पायऱ्या आणि न्हाणीघर व्हिडिओ कॉलवर टेप लावून दाखवायला सांगते आणि ती मापे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेते. जो एजंट कां-कूं करतो, त्याला पैसे देत नाही.

परत आल्यावर एजंट म्हणाला, “फळी होती ना, ताई?” मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा त्याने विमानतळाचे 3,000 रुपये मुकाट्याने परत केले. उरलेल्या रकमेसाठी मी जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. पुरावा म्हणून त्या दाराचा टेप लावलेला फोटो आणि एजंटाने पाठवलेला खोलीचा फोटो, दोन्ही जोडले आहेत. त्याच्या फोटोत न्हाणीघराचे दार कुठेच दिसत नाही.