दुपारचा ‘चेहरा ओळखा’ कार्यक्रम: पारडीतल्या एका घराचे 624 रुपये

आमच्याकडे नागपूरच्या नंदनवन भागात पोळ्या करायला येणाऱ्या ताई पारडीला राहतात. मे महिन्यात त्यांनी आठवड्यात तिसऱ्यांदा रिचार्जसाठी उसने पैसे मागितले, तेव्हा कारण विचारले. त्या म्हणाल्या, “बाई, चेहरा तर मी लगेच ओळखला होता, पण ते फोनच घेऊन नाही राहिले.” म्हणून एका केबल वाहिनीवरचा, पडद्यावरचे चेहरे ओळखून फोनवर उत्तर द्यायचा हा प्रायोजित कार्यक्रम मी तीन दुपारी पूर्ण पाहिला. पाहून झाल्यावर माझे मत स्पष्ट आहे: याला स्पर्धा म्हणता येणार नाही, ही फोनवर थांबवून ठेवण्याची विक्री आहे.

पडद्यावर दोन नटांचे चेहरे जोडलेले असतात, आणि ते शाळकरी पोरालाही ओळखता येतील इतके सोपे असतात. बक्षीस 50 हजारांचे. अर्ध्या तासाने ते “फक्त आजच्यासाठी” 75 हजारांचे होते. घड्याळ तीस सेकंदांवरून शून्यावर येते आणि पुन्हा साठपासून सुरू होते. एका तासात दोनच फोन लागले आणि दोघांनीही भलतीच नावे सांगितली. मी स्वतः फोन केला तेव्हा “आपला कॉल महत्त्वाचा आहे, कृपया थांबा” एवढेच सात मिनिटे ऐकू आले आणि 84 रुपये गेले. मिनिटाला 12 रुपये हा दर पडद्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत आणि केवळ इंग्रजीत होता. ताईंना इंग्रजी वाचता येत नाही, आणि ज्यांच्यासाठी हा कार्यक्रम दुपारी दोन वाजता लावला जातो त्यांतल्या बहुतेकांची हीच स्थिती असणार.

“लोभ कोणी करायला सांगितला?” असे आमच्या इमारतीतच मला ऐकवले गेले. मला हे मान्य नाही. उत्तर सोपे ठेवणारा निर्माता, वेळ विकून “मजकुराशी आम्ही सहमत असूच असे नाही” अशी पाटी लावणारी वाहिनी, महागड्या क्रमांकाचे पैसे कापून घेणारी फोन कंपनी आणि “ताई, लवकर करा” असे ओरडणारी निवेदिका, हे सगळे जबाबदार आहेत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीबद्दल, तीत वस्तूची शिफारस करणाऱ्या व्यक्तीलाही 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. निवेदिकेचे काम त्याहून वेगळे आहे असे मला वाटत नाही.

अर्थात, पुरावा लागतो. 2007 मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या वेळी प्रेक्षकांसाठी एसएमएसची स्पर्धा होती आणि एका एसएमएसला 2.40 रुपये पडत. बक्षीस त्याच उत्पन्नातून दिले जाते हे प्रेक्षकांपासून लपवले, असे म्हणत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये वाहिनी आणि मोबाइल कंपनीला 1 कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई भरायला सांगितली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने पुरेशा पुराव्याअभावी तो आदेश रद्द केला. प्रीपेडवाल्या गरिबाची अडचण नेमकी इथेच आहे, कारण त्याला बिलच येत नाही, शिल्लक तेवढी संपते. मात्र अर्ज केला तर कंपनीला मागच्या सहा महिन्यांतला कॉलचा तपशील द्यावा लागतो आणि त्यासाठी 50 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. हे दुकानात रिचार्ज मारणारा मुलगा सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

ताईंचा तपशील आला. 11 कॉल, 52 मिनिटे, 624 रुपये. एकही कॉल पडद्यापर्यंत पोहोचला नव्हता. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, त्यामुळे तो कागद आणि मी मोबाइलवर काढलेले कार्यक्रमाचे चित्रण जोडून आम्ही तक्रार तयार केली. सही करताना ताईंनी एवढेच विचारले की, त्यांनी ओळखलेला चेहरा बरोबर होता ना. बरोबर होता.