६० की ८० मिलिमीटर? स्वस्तातली स्पॉटिंग स्कोप घेताना

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं. तुमचाही सराव त्याच अंतरावर, कागदी टार्गेटवर असेल, तर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे टार्गेटवरची भोकं दुरून पाहायची दुर्बीण, ६० मिलिमीटरच्या भिंगाची पुरते. पॉइंट टू-टूच्या (०.२२ इंची) गोळीचं ५.६ मिलिमीटरचं भोक २० ते २५ पट मोठं केलं की स्वच्छ दिसतं. वजन कमी, त्यामुळे साधा ट्रायपॉडही चालतो.

३०० मीटरवर मात्र गणित बदलतं. आता ४५-५० पट लागतात आणि तिथे ६०ची स्कोप अंधारते. कारण सोपं आहे: भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी. ६० पटीला ती लहान स्कोपमध्ये १ मिलिमीटर, मोठीत १.३. क्षेत्रफळानं पाहिलं तर ८०चं भिंग पावणेदोन पट प्रकाश घेतं. ढगाळ सकाळी हा फरक चांगलाच जाणवतो.

पण दुपारी जमीन तापली की मृगजळ दोघींनाही सारखंच नाचवतं. पट वाढवाल तसं चित्र जास्तच उकळतं. शिवाय स्वस्तातल्या ८०च्या कडांना जांभळट झालर असते. त्याच पैशात चांगल्या काचेची ६० मिळत असेल तर मी तीच घेईन. खोक्यावरच्या '६० पट'ला भुलू नका.

आणि हो, पालथं पडून नेम धरणाऱ्यांनी तिरक्या आयपीसचीच, म्हणजे डोळा लावायचं भिंग तिरकं असलेलीच, घ्यावी. सरळ नळीत डोकावताना दर वेळी खांदा हलतो.