अमेरिकेचा एमएसडब्ल्यू की इंग्लंडचा? मान्यतेचा शिक्का आणि त्यामागचं मोजमाप

परदेशात समाजकार्य शिकायचं ठरलं की मुलं आधी विद्यापीठांचं रँकिंग उघडतात. या पेशात रँकिंगला फारसं कोणी पुसत नाही. पहिला प्रश्न असतो, कोर्स मान्यताप्राप्त आहे का? विद्यापीठ नव्हे, कोर्स. विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो, तिथल्या एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, मान्यता नसेल तर अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत लायसन्सचा अर्ज पुढे सरकतच नाही.

अमेरिकेत ही मान्यता १९५२ साली स्थापन झालेली काउन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन, म्हणजे सीएसडब्ल्यूई, देते. २०२२ च्या निकषांत नऊ क्षमता आहेत. व्यावसायिक नीतिमत्ता, मानवी हक्क, संशोधन, धोरण वगैरे पहिल्या पाच. उरलेल्या चार प्रत्यक्ष कामाच्या: माणसांशी नातं जोडणं, परिस्थितीचा अंदाज घेणं, हस्तक्षेप करणं आणि त्याचा उपयोग झाला का ते तपासणं. इंग्लंडमध्ये हे काम २ डिसेंबर २०१९ पासून सोशल वर्क इंग्लंडकडे आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या नियामक संस्था वेगळ्या, त्यामुळे 'यूके'त शिकायचं असं म्हणून अर्ज भरू नका.

मोठा फरक पुढेच आहे. इंग्लंडमध्ये कोर्स मंजूर करणारी आणि पदवीनंतर तुमची नोंदणी करणारी संस्था एकच. मंजूर कोर्स पास झालात की नोंदणीसाठी अर्ज करता येतो, वेगळी राष्ट्रीय परीक्षा नाही. 'सोशल वर्कर' हे बिरुद तिथे कायद्याने राखीव आहे, नोंदणीशिवाय लावता येत नाही. अमेरिकेत मान्यता एका संस्थेची आणि लायसन्स प्रत्येक राज्याच्या मंडळाचं. बहुतेक ठिकाणी मध्ये एएसडब्ल्यूबीची, म्हणजे या मंडळांच्या संघटनेची, परीक्षाही उभी असते. इलिनॉयने २०२२ पासून एमएसडब्ल्यू पातळीच्या लायसन्ससाठी ही परीक्षा काढून टाकली. म्हणजे कोर्स निवडताना राज्यही निवडावं लागतं.

फील्डवर्कचं गणितही वेगळं आहे. अमेरिकेत एमएसडब्ल्यूसाठी किमान ९०० तास, बीएसडब्ल्यूसाठी, म्हणजे पहिल्या पदवीसाठी, ४००. इंग्लंडमध्ये पदवी कोणतीही असो, २०० दिवस, त्यातले जास्तीत जास्त ३० दिवस कौशल्य-प्रशिक्षणाचे. रोजचे सात तास धरले तरी उरलेले १७० दिवस म्हणजे ११९० तास. प्रत्यक्ष कामातून शिकायचं असेल तर इथे इंग्लंडचं पारडं जड.

आता मुख्य गोष्ट. विद्यार्थी खरंच काही शिकतात का, हे कळतं कसं? अमेरिकेत यावर बराच आखीवरेखीव कारभार आहे. प्रत्येक क्षमता किमान दोन मापांनी मोजायची, त्यातलं एक तरी खऱ्या किंवा अभिरूप प्रसंगातल्या कामावर आधारलेलं हवं, आणि निकाल निदान दर दोन वर्षांनी जाहीर करायचा. त्यामुळे दोन कोर्सांचे तक्ते शेजारी ठेवता येतात. समजा एकाचं उद्दिष्ट ८० टक्के विद्यार्थी पास व्हावेत असं आणि निकाल ९३, दुसऱ्याचं उद्दिष्ट ९० आणि निकाल ८८. पहिला सरस वाटेल. पण उद्दिष्ट कोर्सनेच ठरवलेलं असतं, आणि पास व्हायची रेषाही. वर्गात बाराच विद्यार्थी असतील तर एकजण घसरला की आठ टक्के जातात.

मी फील्ड सुपरवायझर म्हणून हे फॉर्म भरलेत. सेमिस्टर संपायला दोन दिवस. समोर नऊ क्षमता, खाली वीसेक वाक्यं, प्रत्येकापुढे एक ते पाच. एका विद्यार्थिनीने पहिल्या गृहभेटीत आईशी बोलताना वहीवरून नजर उचलली नव्हती. नातं जोडण्यात तिला तीन द्यायला हवे होते. मी चार दिले, कारण रेषा चारवर होती आणि ती शेजारच्याच टेबलाशी बसली होती. अशाच एखाद्या तक्त्यातल्या टक्क्यांत माझे ते चार आहेत. पुढे ती चांगलीच तयार झाली, पण त्याचं श्रेय त्या फॉर्मला नाही.

मग परीक्षेच्या निकालावर भिस्त ठेवावी का? तिथेही जपून. एएसडब्ल्यूबीने २०२२ मध्ये आपले आकडे उघड केले, तेव्हा दिसलं की २०१८ ते २०२१ दरम्यान क्लिनिकल, म्हणजे समुपदेशन-थेरपीच्या, परीक्षेत पहिल्या प्रयत्नात पास होणारे गोरे उमेदवार सुमारे ८४ टक्के, तर कृष्णवर्णीय ४५ टक्के. परीक्षा कौशल्य मोजते की आणखी काही, हा वाद तेव्हापासून पेटलेला आहे.

इंग्लंडमध्ये असा टक्क्यांचा तक्ता शोधू नका. तिथे तपासणीचा अहवाल वाचायचा. एक नोंदणीकृत सोशल वर्कर आणि एक पेशाबाहेरची व्यक्ती कोर्स तपासतात, आणि मंजुरी अटींसह असेल तर त्या अटी अहवालात लिहिलेल्या असतात. तुलना करायला त्रासदायक, पण कुठे पाणी मुरतंय ते मला त्यातूनच जास्त कळतं.

क्लिनिकल काम करायचं असेल तर मी अमेरिका सुचवेन. लायसन्सची पायरी चढणं लांबलचक असलं तरी. बालसंरक्षणासारखं सरकारी काम करायचं असेल तर इंग्लंड.

अमेरिकेकडे कल असेल तर दोन गोष्टी आधी विचारून घ्या. एक, कोर्सला पूर्ण मान्यता आहे की तो अजून उमेदवारीत, म्हणजे मान्यतेच्या वाटेवर, आहे. उमेदवारीतल्या कोर्समध्ये शिकलात आणि त्याला पुढे मान्यता मिळालीच नाही, तर तुमची पदवी मान्यतेबाहेर राहते. दोन, भारतातल्या बीएसडब्ल्यूवर ॲडव्हान्स्ड स्टँडिंग, म्हणजे आधीच्या शिक्षणाची सूट, मिळून कोर्स साधारण वर्षावर येईल का. त्यासाठी सीएसडब्ल्यूईच्या परदेशी पदवी मूल्यांकन सेवेकडून समकक्षता घ्यावी लागते, आणि ती मिळाली तरी त्या सवलतीत घ्यायचं की नाही हे विद्यापीठ ठरवतं. उत्तर फोनवर घेऊ नका, ईमेलवर लेखी मागा.